आप्पांच्या हातचे टाक

आप्पा, तेरा दिवस मी हातोडीला हात लावलेला नाही, आणि गल्लीत कुणालाही त्यात काही वेगळं वाटलेलं नाही. सोनार गेला, ठकठक थांबली. सुतकात देवाचं काम करायचं नसतं, त्यामुळे घरातही कुणी काही विचारलं नाही. माझी बोटं मात्र दिवसभर काहीतरी शोधत असतात. परवा तांदूळ निवडता निवडता मी ताटाच्या काठावर नखानं ठोके द्यायला लागले, तशी आईनं ताट माझ्या मांडीवरून उचललं आणि स्वतः निवडत बसली.

आज तुमचा तेरावा झाला. मंडळी जेवून गेली. काहींनी इस्लामपूरच्या स्टँडवर चारची एस.टी. गाठली असेल. दुपारी सगळ्यांदेखत माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण धावत येऊन काही सांगायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "आदी बूड टेकीव. मग बोल." म्हणून बसूनच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते.

जो तो येऊन तुमच्या हाताचंच बोलत होता. असा हात पुन्हा व्हायचा नाही, आप्पांच्या हातचा देव्हाऱ्यातला टाक म्हणजे देव नुसता बोलायचा बाकी. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मी पाणी देत होते, चहा देत होते, आणि खरं सांगते, एकदोनदा मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं. तुमच्या त्या हाताला शेवटची नऊ वर्षं चहाची बशी धरता येत नव्हती, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मी मॅट्रिक झाले, त्याच वर्षी तो हात थरथरायला लागला. आधी तुम्ही थंडीवर ढकललंत, मग चष्म्यावर. मग एका भवानीच्या टाकाचा डावा डोळा गालावर उतरला आणि तुम्ही तो टाक मुठीत धरून बराच वेळ बसून राहिलात. सांगलीच्या डॉक्टरनं नसांचा आजार म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, त्यानं झोप तेवढी यायला लागली. आपल्याकडे पणजोबांपासून टाक हातानं घडवायची रीत. पाटावर पसरलेल्या मऊ राळेवर चांदीचा पत्रा बसवायचा, पोलादाची बारीक कलमं टेकवून एकेक ठोका द्यायचा, उलटा करून पुन्हा द्यायचा, आणि डोळे सगळ्यात शेवटी, अंघोळ करून, पूर्वेला तोंड करून उघडायचे. नानाकाकांनी सांगलीत दुकान टाकलं तेव्हा ठसा आणला. पत्रा ठेवा, वरून एक घाव घाला, देव तयार. तुम्ही त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. आता तुमच्याच हातावर ठशाची पाळी आली होती, आणि ते तुम्ही मेला असतात तरी केलं नसतं.

पोरगा नव्हता तुम्हाला. मी होते. एका दुपारी तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत आणि आईला दाराशी बसवलंत. आधी माझं मनगट धरून शिकवायला गेलात, पण तुमची थरथर माझ्या हातात उतरायला लागली, तसा तुम्ही हात सोडून दिलात आणि भिंतीला टेकून नुसते बोलत राहिलात. "दाब. आता सोड. आता नुस्तं टेकव, लेकराच्या गालाला लावल्यावाणी." सगळं शिक्षण असं बोलून दिलंत. दीड वर्षात माझ्या हातून मारुती उतरला, मग जोतिबा, मग भवानी. भवानीचे डोळे मी उघडले त्या दिवशी तुम्ही अंगठा फिरवून फिरवून बघितलात, आणि आईला हाक मारून म्हणालात, "आगं, ह्ये बग. ह्ये माझ्या बाला जमत नव्हतं." तेवढ्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली, ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

पण देव बाईनं घडवलाय म्हटल्यावर कोण घरात नेणार? त्यातून बिनलग्नाच्या पोरीनं. म्हणून तुम्ही ती तोड काढलीत. पुढं दुकानात ऐरणीपाशी तुम्ही बसायचं आणि एका मोडक्या पत्र्यावर हातोडी आपटायची. मागं, बंद दाराआड, मी. तुमचा ठोका पडला की त्यात माझा ठोका मिसळायचा. गिऱ्हाइकाला वाटावं, आप्पांचं काम चाललंय. मोठ्या हातोडीला थरथर कळत नाही, ती आपली पडते. कळत होती ती मला. तुमचा ठोका कधी लवकर यायचा, कधी अडखळून, आणि मी कलम टेकवून वाट बघायची.

कुणी बोलत बसलं की तुमची हातोडी थांबायची, म्हणजे माझीही. तो निवृत्त मास्तर यायचा, आठवतं? उसाला पाणी कसं मिळत नाही आणि कारखान्यात कोण कुणाचा पाव्हणा आहे, हे सांगायला लागला की तास जायचा. मी आत हात वर धरून बसलेली. खोकायचं नाही, पाणी प्यायचं नाही. वरच्या झरोक्यातून ऊन यायचं, त्या उन्हाच्या तुकड्यामागं मी दिवसभर सरकत सरकत जायची. पंधरा पावलांवर पेठ होती, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी बाजाराला येऊन हसत खिदळत जायच्या, आणि मला आवाजावरून कळायचं कोण आहे. एकदा विमल दारात थांबून विचारत होती, "कुसुम हाय का घरात?" तुम्ही म्हणालात, "मामाच्या गावाला गेलीया." मी दाराच्या फटीतून तिची चप्पल बघत होते.

महिन्यातले चार दिवस मात्र माझे. तेव्हा चांदीला शिवायचं नाही, हा तुमचा कडक नेम. मी परसातल्या पायरीवर उन्हात पाय सोडून बसायची, पुस्तक वाचायची. पुढं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात, "आता चार दिस हातोडी उचलायचा न्हाई मी. देवाचं काम हाय." लोक म्हणायचे, आप्पा सोनार लय कडक, असला नेम पाळणारा आता राहिला नाही. आई हे ऐकून पदरात तोंड खुपसायची. एवढं एक हसणं आपल्या तिघांचं होतं. बाहेर बसायला लागलं म्हणून बायका कटकट करतात, मी त्या चार दिवसांची वाट बघत असायची.

पाकिस्तानची लढाई संपली त्याच्या पुढच्या पौषातली गोष्ट. पालीच्या खंडोबाची यात्रा तोंडावर होती आणि खंडोबाच्या टाकांची रीघ लागली होती. घोड्यावर देव, मागे म्हाळसा. पालीत त्या दोघांचं लग्न लागतं, त्यामुळे त्या दिवसांत कुणाला एकटा खंडोबा चालत नाही. मी आठवडाभर तेच करत होते. घोडा, देव, म्हाळसा, घोडा, देव, म्हाळसा. झोपेतही हात तसाच चालला असता.

त्यात हौसाआक्का आल्या. कडेगावच्या अंगाच्या, माळावरच्या. त्यांचा संपत लढाईत गेला होता. लग्न झालेलं नव्हतं. असा जवान पोरगा बिनलग्नाचा गेला की घोड्यावरचा वीर करून देवात बसवतात, म्हणजे तो भटकत नाही, घरचा राहतो. तुम्ही आत येऊन मला सांगितलंत, "एकटा वीर. मिशी कवळी. उद्या दुपारी न्यायला येत्यात." मी मान हलवली. मी ऐकलं होतं, आप्पा. शपथेवर सांगते, ऐकलं होतं. पण हातानं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौसाआक्का आणि त्यांचे दीर आले, त्यांना परतीची एस.टी. गाठायची होती. तुम्ही घाईनं टाक घेतलात, नेहमीसारखा अंगठा फिरवून बघितला नाहीत, हळद लावलीत आणि आक्कांच्या हातावर ठेवलात. मी फटीला डोळा लावून होते. बाई टाकाकडे बघत राहिल्या.

"आवं आप्पा," त्या म्हणाल्या, "घोड्यावर माजा संपत हाय, ते कळलं. ही मागं कोन बसलीया?"

माझ्या हातातलं कलम खाली पडलं. तुमची हातोडी थांबली होती, त्यामुळे तो आवाज मला केवढा तरी मोठा वाटला. एकट्या मेलेल्या पोराच्या मागं मी म्हाळसा बसवली होती. हातात बांगड्या, नाकात नथ.

तुम्ही टाक परत घेतलात, अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "आक्का, खरं सांगतो. ह्ये मी न्हाई केलं."

"तुमी न्हाई केलं तर मग कुनी केलं?"

तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही खरं तेच सांगितलं होतंत, आणि त्याच्या पुढचं खरं सांगायची तुमची छाती झाली नाही, एवढंच. ती बाई मात्र तुमच्या गप्प बसण्याकडे बघत होती आणि बघता बघता तिचे डोळे भरले. "सुट्टीवर आला की त्याच्या मागं लागायची मी, लगीन कर, लगीन कर. पुढल्या सुट्टीला करू म्हनायचा. देवानं केलं बगा त्याचं लगीन." मग तिनं बोटाच्या टोकानं त्या नथीला हात लावला आणि दिराला म्हणाली, "भावजी, सुनंचं नाव काय ठिवायचं?"

ते दोघे गेल्यावर तुम्ही आत आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही राळेच्या पाटापाशी खाली बसलात आणि लहान पोरासारखे रडलात. मीही रडले. दोघंही चुकीसाठी रडत होतो की त्या बाईसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण महिन्याभरात बोभाटा झाला. इस्लामपूरच्या आप्पा सोनाराच्या हातून देव गेलेल्या पोरांची लग्नं लावतो. सातारा, कोरेगाव, खटावाकडून बायका यायला लागल्या. लढाईत गेलेले थोडे, बाकीचे विहिरीत पडून गेलेले, तापानं गेलेले, बैलानं मारलेले. सगळ्यांना मागं एक बसवून पाहिजे. दुकानाच्या पायरीवर बसून त्या आपापल्या पोराचं सांगायच्या आणि मी आत बसून ऐकायची. कोण लाजरा होता, कुणाला काय आवडायचं. त्या पोरांना शोभतील अशा बायका मी घडवायची. चेहरे कुणी सांगत नव्हतं, म्हणून मी माझ्या वर्गातल्या मुलींचे घातले. विमलचं बसकं नाक, शकूची हनुवटी. त्या सगळ्या लग्न होऊन आपापल्या घरी नांदत होत्या आणि इकडे मी त्यांची दुसऱ्यांदा लग्नं लावत होते.

त्याच सालच्या जूनमध्ये सांगलीच्या अध्यापक विद्यालयातून माझा प्रवेश झाल्याचं पत्र आलं. अर्ज तुम्हीच भरू दिला होतात. ट्रंक भरली होती, आईनं दोन पातळं घेतली होती. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "ह्या साली थांब. पुढच्या साली जा." पायरीवर तेव्हा तीन बायका बसलेल्या होत्या. मी तुमच्याशी पहिल्यांदा वर तोंड करून बोलले ते त्या दिवशी.

"सांगून टाका की आप्पा. कुसुमनं केलेत म्हणून सांगा. माझं नाव करा, मग मी आनंदानं राहते."

"आगं खुळे," तुम्ही हळूच म्हणालात, "तू केलास म्हणलं तर ती चूक हुती. पोरीचा हात चुकला, झालं. मी केला म्हणून त्यो देवाचा झाला. त्या हौसाआक्काची सून काढून घ्यायची व्हय परत?"

मी भरलेली ट्रंक पुन्हा रिकामी केली. पुढच्या साली पुन्हा पत्र आलं नाही, कारण मी अर्जच केला नाही. कराडचं स्थळ आलं, तेव्हा पत्रिका जुळत नाही म्हणालात. पत्रिका तुम्हीच बघितली होतीत. मी दोन दिवस तुमच्या ठोक्यात ठोका मिसळला नाही. तुम्ही पुढं ठोकत राहिलात, मी आत नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून तुम्ही भत्त्याची पुडी आत सरकवलीत, भडंग, जास्त शेंगदाणे घातलेलं. लोक पोरीला समजूत घालतात, तुम्ही भडंग देत होतात. मी ते खाल्लं, रडत रडत खाल्लं, आणि संध्याकाळी कलम हातात घेतलं. असली पुडी घेऊन मी माझं आयुष्य देऊन टाकलं, असं रागाच्या भरात मी आईला म्हणालेही होते. आई म्हणाली, "मी तर तेवढी बी घेतली न्हाई."

आणि मग तो दिवस. आणीबाणीच्या थोडा आधीचा. कोरेगावच्या बाजूचा एक पोरगा होता, मास्तरकी शिकत होता, नदीत बुडून गेला. त्याची आई पायरीवर सांगत होती, त्याला कविता पाठ होत्या, तो भांडायचा नाही, त्याला शिकलेली बायको पाहिजे होती. मी आत ऐकत होते. त्याच्या मागं मी मला बसवलं. आरशात बघून, माझंच कपाळ, माझाच हा पुढं आलेला वरचा ओठ. खोडी म्हणून केलं का मनातून केलं, मला ठाऊक नाही. संध्याकाळी तुम्ही टाक हातात घेतलात, अंगठा फिरवलात आणि ओठावर थांबलात. तुमचा सगळा हात त्या एका जागी थरथरत होता.

"ह्यो द्यायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "जित्या माणसाला टाकात बसवायचं नसतंय."

"मग मला कुठं बसवलंय तुम्ही?"

आप्पा, हे मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्या दिवशी नाही, त्याच्यानंतरही नाही. तुम्ही शेगडी पेटवलीत, मला हात लावू दिला नाहीत, थरथरत्या हातानं चिमटा धरून तो टाक मुशीत टाकलात आणि वितळेपर्यंत फुंकत राहिलात. तुमच्या भुवया करपल्या. मला वाटायचं, उत्तर नव्हतं म्हणून तुम्ही गप्प राहिलात. आता वाटतं, ते फुंकणं हेच काहीतरी सांगणं होतं, तुम्हाला जेवढं येत होतं तेवढं. पण मला शब्द पाहिजे होते. शिकवताना तुमच्याकडे मायंदाळ शब्द होते.

शेवटच्या चार दिवसांत तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. उजवा हात मात्र घोंगडीवर ठोके देत होता. ठक, ठक, मध्येच अडखळून, पुन्हा ठक. आई म्हणाली, आजारानं होतंय. मला माहीत होतं, तुम्ही मला आडोसा देताय, पोरीनं आत काम करावं म्हणून. मी तुमच्या उशाशी बसले आणि खाटेच्या काठावर बोटानं तुमच्या ठोक्यात ठोका मिसळत राहिले. तुमचा थांबला तेव्हा माझे दोन ठोके जास्तीचे पडले.

आता आजचं.

दुपारी पंगत उठल्यावर नानाकाकांनी सगळ्यांसमोर विषय काढला. मनानं चांगले आहेत ते, मी उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाले, दादांचा, म्हणजे तुमचा, टाक सांगलीच्या आमच्या दुकानातून येईल, ठशातला आहे पण भरीव आहे, दसऱ्याला देवात बसवू. दुकानाला कुलूप घालू, कारागीरच गेला तर काय ठेवायचंय. वहिनी आणि कुसुम सांगलीला आमच्याकडं राहतील, आमच्या हिला घरकामाला हातभार होईल. सांगलीला जायचं होतं मला, आप्पा. असं जायचं नव्हतं.

आई भिंतीशी बसली होती. नऊ वर्षं दार राखलं तिनं, एका अक्षरानं कुणाला काही कळू दिलं नाही. ती तशीच बसल्या बसल्या म्हणाली, "ठशातला कशाला? पोरगी करंल की. नऊ वर्सं तीच करतीया."

 नानाकाका हसायला गेले आणि आईचं तोंड बघून थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी किती वर्षं याच एका क्षणाची वाट बघत होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाहीत, बंद दार नाही, सांगायला लाजायचं कारण नाही. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. दुकान राहिलं असतं, काम राहिलं असतं, लोक चार दिवस बोलले असते आणि मग कुणीतरी पायरी चढून आलं असतं. नसतं आलं तरी माझं नाव माझ्याकडे राहिलं असतं.

आणि दाराजवळून हौसाआक्का उठल्या. तुमच्या तेराव्याला कडेगावाहून दोन एस.टी. बदलून आल्या होत्या. आता फार वाकल्यात. त्या माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला, बोटांच्या टोकांवरचे घट्टे बघितले.

"व्हय गं पोरी? माजी सून तू केलीस? का तुजा हात चुकला तवा?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. दर संक्रांतीला त्या सुनेला वाण देतात, हळदकुंकू लावतात, माहेरी गेली नाहीस ना गं म्हणून विचारतात. सगळं गाव हसतं आणि त्या विचारतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले,

"न्हाई मावशी. आई दुःखात हाय, काय बी बोलतीया. टाक आप्पांनीच केले."

हौसाआक्कांनी माझा हात सोडला आणि सुस्कारा टाकला. नानाकाकांनी मान हलवली, वहिनींना जरा पडू द्या म्हणाले. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मंडळी गेल्यावर मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. ती भांडी घासत होती. मी म्हटलं, आई, त्या म्हातारीला मी काय सांगणार होते? ती वळली नाही. "आगदी त्येंच्यावाणी बोललीस," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी इथं मागच्या खोलीत बसून आहे. दार सताड उघडं आहे, कुणी लावलेलं नाही. हौसाआक्कांची सून वाचवली म्हणून मला बरं वाटायला पाहिजे, आणि थोडं वाटतंही. पण मी तेवढ्यासाठी बोलले का, हे मला ठाऊक नाही. नऊ वर्षं आत बसून बसून मला बाहेरचीच धास्ती बसली असेल, आणि म्हातारीचं निमित्त हाताशी आलं असेल. तुम्हालाही असंच झालं होतं का हो, त्या पहिल्या दिवशी? तिच्यासाठी गप्प बसलात की तुमच्यासाठी? मी कितीदा मनात तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून हे विचारलं, आणि तुम्ही काहीही सांगितलंत तरी तुम्हाला दोषी धरायचं ठरवूनच विचारलं. त्या रागावर माझे दिवस निघत होते. मला आप्पांनी कोंडलं, एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं आणि ते खरं होतं.

तुम्ही शिकवलंत म्हणून हा हात आहे. तो मी कुणालाही देणार नाही, तुमच्यावरची मायाही नाही. पण तो राग आज दुपारी मीच घालवून बसले. आप्पा, आता मी कुणावर रागवायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतं.